कालवडीचं पाणी

आपली आई दगडाच्या काळजाची आहे, असं उत्कर्षाला त्या दुपारी वाटलं. तीन मेंढ्या विकून घेतलेली कालवड. कालपासून म्हसवडच्या बाजारात बिनपाण्याची बांधलेली, मग भर उन्हात पिकअपमधून आटपाडीला आलेली. आणि आईनं, बनाबाईनं, तिला काय पाजलं? मीठ टाकलेलं तांब्याभर पाणी! वर घमेलंही ओढून घेतलं.

"आगं आये, जीव हाय का न्हाई तिला?"

"जीव हाय म्हनूनच. तान्हेलं जनावर थांबून थांबून पाजायचं. मेंढरं हिंडवली तवापास्नं आमी असंच करतोय."

सांगलीत बी.एस्सी. करणाऱ्या पोरीला असला अडाणी कायदा कसा पटावा? बनाबाई मेंढरांकडे वळताच तिनं दोन बादल्या पाणी पुढ्यात ठेवलं. कालवडीनं घटाघटा संपवलं. उत्कर्षाला लय बरं वाटलं.

तासाभरात कालवड लटपटायला लागली. मग मुतली, ती कोऱ्या चहासारखी तांबडी. उत्कर्षानं घाईघाईनं फोन लावला. जनावरांचे डॉक्टर सिद्धू धावत आले. "पाणी किती पाजलं?"

"दोन बादल्या. मीच," ती म्हणाली.

"एकदम? रक्तातल्या पेशी फुटल्यात." त्यांनी सलाईन लावलं. "साधं पाणी बंद. दिवस मावळायच्या आत उठली तर वाचली."

उत्कर्षा कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गेल्या महिन्यातच कॉलेजात तिनं स्वतःचं बोट टोचून रक्ताचा थेंब साध्या पाण्यात टाकला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फुगल्या आणि बघता बघता नाहीशा झाल्या. झाडाच्या पेशीला भिंत असते, ती तग धरते. ह्यांना नुसतं पातळ पटल. भोवतीचं मीठ कमी झालं, की पाणी आत घुसतं. आकृतीसकट लिहून तिनं दहापैकी दहा मिळवले होते.

बनाबाई शेजारी टेकली. कालवडीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली, तेच उत्कर्षाला सोसेना. रडत रडत तिनं आईला सगळं सांगितलं, पेशी, पटल, मीठ. बनाबाईनं नीट ऐकून घेतलं.

"मग तुला तर म्हाईत व्हतं की गं," ती म्हणाली.

दिवस कलला तेव्हा कालवड धडपडत उठली. उत्कर्षानं तांब्याभर पाण्यात मीठ कालवून घमेल्यात ओतलं. कालवडीनं ते संपवलं, आणखी मागत घमेल्याला तोंड घासलं, हंबरली. उत्कर्षानं ओठ आवळून घमेलं ओढून घेतलं.