पाचव्या गल्लीचं पाणी

"सांडूकाका, ही बाटली नाक्यावरच्या चेंबरचीच ना?" रिपोर्टवरून नजर न काढता डॉक्टर सोनियांनी विचारले.

सांडूंनी मान हलवली. तेवढ्यावर भागले असते.

कोरोनाची तपासणी करायला आता कोणी पुढे येत नव्हते. ताप आला की लोक मेडिकलमधून गोळी आणत आणि कामाला लागत. म्हणून प्रयोगशाळेने गटाराचे पाणी तपासायला घेतले होते. दर मंगळवारी सांडू लासूरहून पहिल्या गाडीने संभाजीनगरला येत, सकाळच्या आंघोळींच्या वेळी चेंबर उघडून दोरीने पाणी काढत आणि बाटलीवर चिठ्ठी लावून बर्फात ठेवत. काम सरळ होते, माणूस मात्र तितका सरळ निघाला नाही.

"पाण्यात विषाणू फार वाढलाय," मॅडम नर्स आशाबाईंना म्हणाल्या. "नाक्याच्या चेंबरला आठ गल्ल्या जोडल्यात. पहिलीपासून घरोघर तपासा, लहान मुलं आधी. पाचवी पुढच्या आठवड्यात येईल."

सांडू टेबलापाशी आले.

"मॅडम, ते पाणी नाक्याचं नाय. पाचव्या गल्लीतलं हाय. चार महिने झाले, तिथलंच आणतोय. चिठ्ठी तेवढी नाक्याची लावतो."

"का पण?"

"लेक राहती तिथं. विशाखा."

विशाखाने मनाने लग्न केले तेव्हा "तू आम्हाला मेलीस" असे सांडू बोलून बसले होते. तीन वर्षे झाली, शब्द परत घ्यायला जीभ उचलत नव्हती. पण तिच्या दारासमोरच्या चेंबरपाशी उकिडवे बसले, की दोरीवर वाळणारे बाळाचे लंगोट दिसत. नातू की नात, तेही ठाऊक नव्हते. त्या पाच मिनिटांसाठी हा हट्टी माणूस आठवडा काढत होता!

"चार महिन्यांचे आकडे वाया घालवले तुम्ही," मॅडम कडाडल्या. मग आशाबाईंकडे वळल्या. "आजच पाचवीत जा."

"बाई, माझं नाव तेवढं सांगू नका," सांडू हळूच म्हणाले.

आशाबाई दुपार कलल्यावर परतल्या. "निम्म्या लोकांनी दारंच उघडली नायत. पण विशाखानं उघडलं. पोरगी हाय, सात महिन्यांची. छाती लई भरली व्हती. लगेच दवाखान्यात नेली. वेळेवर सापडली म्हणले डॉक्टर."

सांडू भिंतीला टेकून खाली बसले.

"सांगू का तिला, बापामुळं कळलं म्हणून?"

"नको. कोणत्या तोंडानं जाऊ तिच्यासमोर?"

मॅडमनी नोकरी राखली, पण अट घातली. पाणी नाक्यावरूनच काढायचे आणि दर वेळी चेंबरचा फोटो पाठवायचा.

पुढच्या मंगळवारी सांडूंनी नाक्यावरच्या चेंबरमध्ये दोरी सोडली. इथून पाचवी गल्ली दिसत नव्हती. खाली आठही गल्ल्यांचे पाणी एक होऊन वाहत होते. बरी होऊन घरी आलेल्या नातीच्या आंघोळीचे पाणीही त्यातच कुठेतरी होते. बाटली भरली, फोटो गेला, तरी सांडू चेंबरचे झाकण लावायला उठले नाहीत.