रिव्हर्सला लाजणारं इंजिन

धक्क्यावर इतकी गर्दी झाली होती की मागच्यांना पाणी दिसत नव्हतं आणि पुढचे पाण्यात पडायच्या बेतात होते. होडी जवळ आली. तिच्या मागच्या टोकाला, इंजिनाला खेटून, जाडजूड गादीवर इंजिनबाबा बसले होते.

"डोळे मिटा!" बाबा गरजले. सगळ्यांनी मिटले. "हे अश्वा, माघार घे!"

इंजिनाने खाडकन रिव्हर्स घेतला, पाणी घुसळलं आणि होडी अलगद धक्क्याला टेकली. जयजयकार झाला. एका आजोबांनी मिटल्या डोळ्यांनी टाळी वाजवली ती थेट शेजाऱ्याच्या गालावर.

मी डोळे मिटले नव्हते. सायकल दुरुस्तीचा धंदा आहे माझा. समोर काही चालू असताना डोळे मिटले तर बोटं चेनमध्ये जातात.

होडी माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. इंजिन पंचवीस वर्षांचं, आणि चार वर्षांपासून ते चालवत होती त्यांची मुलगी, माझी भाची. महिन्यापूर्वी इंजिनाने रिव्हर्स घेणं बंद केलं. पुढचा गिअर पडायचा, मधला पडायचा, मागचा काही केल्या पडेना. होडीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच तिचा ब्रेक. भाचीने होडी दोनदा धक्क्यावर आदळली. दुसऱ्या वेळी एका शिक्षिकेच्या तपासलेल्या वह्या पाण्यात पडल्या आणि एका अख्ख्या वर्गाने भाचीला मनापासून दुवा दिला.

भाची हात बांधून बसणारी नाही. तिने गिअरचं तेल काढून पाहिलं, पाणी शिरलेलं नव्हतं. पाण्यातला पंखा पाहिला, ठीक होता. हँडलची पेटी उघडली, तीही ठीक. आता हँडलपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल तेवढी तपासायची राहिली होती, तोच बाबा अवतरले.

"हे इंजिन गेल्या जन्मी रणातला घोडा होतं," त्यांनी सांगितलं. "मागे सरायची त्याला लाज वाटते! त्यातून बाईच्या हातातला लगाम. कसं सहन व्हावं?"

"किती हॉर्सपॉवरचा घोडा, बाबा?" मी विचारलं.

बाबांनी इंजिनावरचं स्टिकर वाचलं. "पंधरा."

"म्हणजे पंधरा घोडे होते?"

"एकाच घोड्याचे पंधरा जन्म, मूर्खा!"

लोकांनी माना डोलावल्या. दाजींनी तर सर्वांत जोरात. त्या दिवसापासून हँडल दाजींच्या हातात आणि बाबा गादीवर. रिव्हर्स पडायला लागला. बाबांना दूध, केळी, उशी, छत्री असा रतीब सुरू झाला. गादीच्या आसपास हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, कारण तिथे म्हणे घोड्याची शीर होती. रविवारपासून हँडल कायमचं बाबांच्या पुतण्याकडे जाणार होतं. त्या पुतण्याला पोहताही येत नव्हतं.

भाची दुकानात येऊन बसली. रडत नव्हती, पण एक स्पोक हातात घेऊन वाकवत होती.

"मामा, बाबा होडीत असताना माझ्या हाताने एकदा तरी गिअर टाकून बघायला नको होतं? न बघताच ठरवलं अण्णांनी, की दोष माझा."

मला मनस्वी राग आला. बाबांचा आलाच, त्याहून जास्त दाजींचा. पोरीने ऊन म्हटलं नाही, वारा म्हटला नाही, आणि हा माणूस तिला एका गादीवाल्यापायी उठवतोय.

शनिवारी सकाळी मी धक्क्यावर जाऊन बाबांच्या पाया पडलो. माझी बहीण आनंदाने हुंदके देऊ लागली, आमचा नास्तिक ताळ्यावर आला म्हणून. बाबांच्या डाव्या पायाच्या तळव्यावर एक आडवी काळी रेघ होती. भक्त म्हणत, ही अश्वरेखा. मी तिच्यावर बोट फिरवलं आणि हुंगलं. ग्रीस! माझ्या सायकलच्या केबलला लावतो तसलंच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सायकलच्या ब्रेकची केबल पाहिली असेल तुम्ही. बाहेर कव्हर, आत तार. कव्हर जागच्या जागी घट्ट धरलेलं असेल तरच तार ओढली जाते. नाहीतर ओढ सगळी कव्हर सरकण्यातच जाते आणि ब्रेक ढिम्म हलत नाही. होडीचं गिअर टाकायचं काम तशाच केबलवर.

मी होडीत चढलो. पलीकडे जाऊन परत येताना, धक्का वीस हातांवर असताना, बाबांनी डोळे मिटायचा हुकूम सोडला. मी मोठ्याने म्हणालो, "बाबा, तुमचे चरण मळलेत! मला पुसू द्या!" आणि गादीखाली खुपसलेले त्यांचे दोन्ही पाय ओढून छातीशी कवटाळले.

"सोड!" बाबा ओरडले.

"जन्मात सोडणार नाही!"

दाजींनी हँडल मागे ओढलं. होडी मात्र आपली पुढेच.

"माघार घे, अश्वा! अरे पाय सोड! पाय!"

"बाबा, घोड्याला तुमचा पाय कशाला लागतो?"

धाड! धक्क्याला टायर बांधलेले होते, त्यामुळे होडी वाचली. बाबा केळ्यांवर बसले. तोवर धक्क्यावरच्यांचे डोळे उघडले होते.

भाची उडी मारून होडीत आली. मी तिला फक्त म्हणालो, "गादी उचल." खाली केबल होती. इंजिनाजवळ तिचं कव्हर पकडणारा क्लॅम्प मोकळा लोंबत होता, स्क्रू नाहीसा झालेला. पंचवीस वर्षांच्या थरथराटाने गळून पडला असणार. पुढच्या गिअरला कव्हर इंजिनाला टेकून अडत होतं, मागच्याला मोकळं सरकत होतं.

"अण्णा, हँडल मागे घ्या," भाची म्हणाली. दाजींनी ओढलं. कव्हरच सरकलं. "आता बघा." तिने कव्हरावर पाय दाबून धरला. दाजींनी पुन्हा ओढलं आणि रिव्हर्स पडला. मग तिने माझ्या खिशातला स्क्रू घेऊन क्लॅम्प आवळला, पाय काढला आणि दाजींना बाजूला सारून स्वतः हँडल ओढलं. खाडकन पडला. बाईच्या हाताने, बाबांच्या पायाशिवाय.

चौकशीत निघालं की बाबा आधी एका बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला होते. सैल क्लॅम्प त्यांनी पहिल्याच फेरीत हेरला होता. तेव्हाच खरं बोलले असते तर त्यांना लोकांनी चहा पाजला असता. केळी मात्र मिळाली नसती.

दाजी मान खाली घालून म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

"केबल तपासते म्हणाले होते, अण्णा. तुम्ही थांबवलंत."

दाजींनी हँडलवरचा हात काढला आणि तिला जागा करून दिली. रविवारी पहिली फेरी भाचीने नेली. पुतण्या काठावर उभा राहून हात हलवत होता. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता.

म्हणून सांगतो, मंडळी. यंत्र अडलं तर त्याचा गेला जन्म शोधू नका, या जन्मातला स्क्रू शोधा. कारण सापडलं नाही तर "अजून सापडलं नाही" असं सरळ म्हणा, त्यात कसलाही कमीपणा नाही. आणि कुणी आपल्याच लेकीला दोष देऊ लागला, तर मान डोलवण्याआधी निदान एकदा तिच्या हाताने करून बघा. दाजींनी बघितलं नाही, म्हणून एका सैल क्लॅम्पपायी त्या पोरीचं काम जवळजवळ गेलंच होतं.