सातव्या दिव्याला

“हे खोकं कपाटावर ठेवा काका, शोभेला. तुमच्या घरात त्याचा दुसरा काही उपयोग नाही,” स्क्रूताई म्हणाल्या आणि खोक्याच्या तळाशी छापलेली बारीक अक्षरं त्यांनी दिवेमास्तरांच्या नाकासमोर धरली. मास्तर खिशातला चष्मा शोधायला लागले, पण तेवढा धीर ताईंना कुठला. त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. हा विमान चालवायचा खेळ फक्त विंडोजवर चालतो. मास्तरांच्या घरातला कम्प्युटर पडला मॅक.

स्क्रूताईंचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मास्तरांच्या इमारतीतच, तळमजल्यावर होतं. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत, आणि अंबाड्यात कायम एक पेचकस खोवलेला. गल्लीने नाव ठेवलं ते त्यावरूनच, आणि त्यांनीही ते गोड मानून घेतलं होतं. दिवेमास्तरांचं नावही असंच चिकटलेलं. एका लहानशा विमानतळावर चौतीस वर्षं त्यांनी धावपट्टीचे दिवे सांभाळले. रोज संध्याकाळी जीपमधून फेरी मारायची, गेलेला दिवा बदलायचा, काच पुसायची, दिव्याभोवतीचं गवत काढायचं. चौतीस वर्षं उकिडवं बसून गुडघे कामातून गेले, पण विमानात काही ते एकदाही बसले नाहीत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, बायको जाऊन चार. पोरगा नोकरीसाठी लांबच्या शहरात. घरात बोलायला माणूस म्हणाल तर रेडिओ.

खोकं पोरानेच कुरिअरने पाठवलं होतं. आत विमान चालवायचा दांडा होता आणि एक चिठ्ठी; चिठ्ठीवरचा क्रमांक टाकला की खेळ कम्प्युटरवर उतरतो म्हणे. आता गंमत बघा, जो कम्प्युटर पोरगा जाताना घरी ठेवून गेला, ज्याच्यासमोर बसून त्याने कॉलेजची दोन वर्षं काढली, तो कुठल्या जातीचा होता हे तोच विसरला होता. माणूस घर सोडतो तेव्हा काय काय विसरतो त्याला धरबंध नाही.

“फोन करून सांगून टाका ना मुलाला,” स्क्रूताई म्हणाल्या. “त्यात लाज कसली?”

“लाज नाही हो. सांगितलं, तर तो म्हणेल, मग राहू दे बाबा.”

आणि ‘राहू दे’ म्हणजे काय, ते मास्तरांना चांगलं माहीत होतं. पोराचा फोन रविवारी यायचा आणि सात मिनिटं चालायचा. ती मिनिटं आपण मोजली नाहीत असं म्हणायला मास्तरांना आवडलं असतं, पण मोजली होती. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गुडघा काय म्हणतो. मग ‘आणखी काय’ सुरू व्हायचं. तिसऱ्या ‘आणखी काय’ला फोन बंद. पोरगा वाईट नव्हता, मास्तरही तुसडे नव्हते. दोघांकडे बोलायला विषय नव्हता, एवढंच. गेल्या रविवारी मात्र पोरगा आपणहून म्हणाला होता की, खोकं पाठवलंय, त्या खेळात आपला विमानतळसुद्धा आहे, पुढच्या रविवारी तुम्ही तिकडून उडा, मी इकडून उडतो, एकाच आकाशात भेटू, अर्धा तास तरी. अर्धा तास. मास्तर ते दोन शब्द सोमवारपर्यंत तोंडातल्या खडीसाखरेसारखे चघळत होते. असा अर्धा तास हातचा घालवायला ते काही खुळे नव्हते.

स्क्रूताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अंबाड्यातला पेचकस काढून पुन्हा खोवला आणि मंगळवारी दुपारी दुकान बंद करून वर आल्या. तीन तास खुर्चीवरून हलल्या नाहीत. मधे दोनदा त्यांनी कपाळाला हात लावला, एकदा कम्प्युटरला शिवी दिली. शेवटी म्हणाल्या की, या दोघांची भाषा वेगळी आहे, तेव्हा मधे एक दुभाषी बसवलाय. खेळ त्याच्या भाषेत बोलेल, दुभाषी ते मॅकला समजावेल, मग मॅक चित्र काढेल. पण हे यंत्र म्हातारं, त्यामुळे सगळं अडखळत चालणार. आवाज येणार नाही. आणि आणखी एक.

“इंटरनेटवरून एकत्र उडायचं जे आहे ना, ते या दुभाष्याला जमत नाही. तुम्हाला आकाश दिसेल काका, पण त्यात दुसरं कुणी दिसणार नाही. आणि तुम्हीही कुणाला दिसणार नाही.”

मास्तरांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, “विमान उडेल ना?”

“उडेल. कसं ते मला विचारू नका.”

मास्तरांचा हिशोब सरळ होता. पोरगा तिकडे उडणार, आपण इकडे उडायचं, फोन कानाला. ‘बाबा, तुम्ही दिसत का नाही?’ असं तो विचारणार, तेव्हा ‘ढगात शिरलोय’ म्हणायचं. पुन्हा विचारलं तर ‘फार खालून चाललोय’. असली तीन-चार उत्तरं त्यांनी मंगळवारीच तयार करून ठेवली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला अशी तयारी करावी लागते. पण निदान विमान तरी खरंच उडवायला हवं होतं. खुर्चीत नुसतं बसून उडाल्याचं नाटक करणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

बुधवारी मास्तर कम्प्युटरसमोर बसले. खेळात वेळ निवडता येते, त्यांनी तिन्हीसांज निवडली. आणि पडद्यावर त्यांची धावपट्टी उजळली. एका बाजूला एकतीस दिवे, दुसऱ्या बाजूला एकतीस, सुरुवातीला हिरवी रांग. मास्तर कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. त्यांना भरून आलं, आणि थोडा रागही आला, कारण एकही दिवा गेलेला नव्हता. चौतीस वर्षांत असं एकदाही झालेलं त्यांना आठवत नव्हतं. ज्याने कुणी हे चित्र केलं, त्याने बासष्टच्या बासष्ट दिवे फुकटात पेटवून ठेवले होते. त्या संध्याकाळी मास्तर उडालेच नाहीत. विमान जमिनीवरून गोगलगायीसारखं चालवत त्यांनी पूर्ण फेरी मारली, प्रत्येक दिव्यापाशी जरा थांबून.

उडायची वेळ आली तेव्हा घोडं अडलं. चित्र एकदा यायचं, दोन सेकंद अडकायचं, मग एकदम पुढचं यायचं. मधल्या दोन सेकंदांत विमान कुठल्या कुठे गेलेलं असायचं. गुरुवारी दिवसभरात मास्तरांनी ते अकरा वेळा गवतात घातलं, दोनदा कुंपणात. कम्प्युटर इतका तापायचा की त्याच्यासमोर टेबलपंखा लावून ठेवावा लागला. अगदी नाकी नऊ आले.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बघायचंच कशाला? दोन दिव्यांमधलं अंतर साठ मीटर, हे त्यांच्या गुडघ्यांना पाठ होतं. जीपमधून जाताना ते नेहमी दिवे तोंडाने मोजत जायचे, पाऊस असो की धुकं, मोजणी चुकायची नाही. त्यांनी डोळे मिटून तसंच मोजायचं ठरवलं, हळू सुरू करून वाढत्या वेगाने. पाचव्या दिव्याला दांडा ओढला तर विमान उडी मारून खाली आपटायचं. नवव्याला ओढला तर उशीर झालेला असायचा. सातव्याला ओढला आणि डोळे उघडले, तर पडद्यावर धावपट्टी नव्हतीच. नुसतं आकाश होतं. पुढच्या चित्रात आणखी आकाश. मास्तर खुर्चीत ताठ झाले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते जमिनीवरून उठले होते, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे एकदा बघितलं. उतरायचं कसं, ते शिकायला शनिवार पुरला नाही.

रविवारी चारला फोन आला. मास्तर साडेतीनपासूनच बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला.

पोरगा म्हणाला, “बसलात का बाबा? तो आवाज कसला येतोय?”

“इंजिनचा,” मास्तर म्हणाले. टेबलपंखा तीनवर होता.

मग त्यांनी विमान सोडलं आणि ते तोंडाने मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातव्याला दांडा ओढला.

“अजून मोजता तुम्ही?” पोरगा म्हणाला.

“मोजल्याशिवाय कसं चालेल?” मास्तर म्हणाले. खाली दिव्यांच्या दोन ओळी बारीक होत गेल्या, एक एक चित्र करत. आता पोरगा विचारणार म्हणून त्यांनी ढगाचं उत्तर जिभेवर आणून ठेवलं.

“दिसलात बाबा,” पोरगा म्हणाला. “तुमच्या मागेच आहे मी. छान सरळ चाललंय तुमचं.”

ढग तोंडातच राहिला. स्क्रूताईंचं चुकलं असेल. त्यांनाही सगळं थोडंच कळतं? दुभाष्याने जमवलंही असेल कसंतरी. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरून विमान हळूच वळवलं, मागचं आकाश दिसावं म्हणून. एक चित्र आलं. रिकामं. दुसरं आलं. तिसरं. ते वाट बघत राहिले. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा बघितलं.

तेवढ्यात फोनमधून ‘टीं’ असा आवाज आला. मग पुन्हा ‘टीं’. मग एका बाईचा आवाज आला, जरा लांबून पण स्पष्ट, “पिशवी देऊ का?” पोराने फोनवर हात ठेवला असावा. आवाज दबला, आणि परत आला.

मास्तरांना कळलं. पोरगा घरी नव्हता, कुठल्याशा दुकानात रांगेत उभा होता. कम्प्युटर नाही, दांडा नाही. फोन खांद्याला दाबून, हातात सामान घेऊन तो बापाच्या मागे मागे उडत होता. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ‘मी आत्ता कुठल्या बाजूला वळलो सांग बरं,’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं. प्रश्न ओठांवर आला होता. पण ढगाचं उत्तर घेऊन आपणही आठवडाभर बसलो होतो, हेही त्यांना आठवलं. त्यांनी विमान पुन्हा सरळ केलं.

“वारा बरा आहे आज,” ते म्हणाले.

“हो, छान आहे,” पोरगा म्हणाला.

मग मात्र गप्पा निघाल्या. समोर बघून चालवणारी माणसं जशी बोलतात तसं ते बोलत गेले. पोराने सांगितलं की, नवा साहेब त्याला नीट वागवत नाही, झोप लागत नाही, पहाटेच जाग येते. हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. मास्तरांनी सांगितलं की, त्यांनाही चारलाच जाग येते, तेव्हा त्या वेळी खुशाल फोन करत जा. मधे पुन्हा कसले कसले आवाज आले, गाडीचं दार, जिना, किल्ली. मास्तरांनी साफ कानाडोळा केला.

“आई असती तर म्हणाली असती, दोघंही आधी खाली उतरा,” पोरगा म्हणाला.

“तू उतर आधी,” मास्तर म्हणाले. “पट्टी मोकळी झाली की मी येतो. तोवर मी आहे वर.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“उतरलो बाबा,” पोरगा म्हणाला. “पुढच्या रविवारी?”

“हो तर.”

चौतीस मिनिटं झाली होती. फोन बंद झाल्यावर मास्तर जरा वेळ रिकाम्या आकाशाची चित्रं बघत बसले. मग उठून त्यांनी कम्प्युटर बंद केला.

सोमवारी सकाळी ते दूध आणायला खाली उतरले, तेव्हा स्क्रूताई दुकानाचं शटर वर करत होत्या. मग, सांगितलंत का शेवटी मुलाला, असं त्यांनी विचारलं.

“सांगायची वेळच आली नाही,” मास्तर म्हणाले. “मी त्याला दिसत होतो.”

स्क्रूताईंचा हात शटरवरच राहिला. असं होणं शक्य नाही, हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं.

“कसे दिसत होतात?” त्यांनी विचारलं.

“छान सरळ चाललंय म्हणाला,” मास्तर म्हणाले, आणि हातातली पिशवी झटकून ते दुधाला गेले.