लाल रेघेची माणसं

ताई वारल्याची बातमी वहीबाईंना एका मंगळवारी सकाळी कळली, आणि ती दिली खुद्द ताईनेच, फोनवर.

"अगं धाकटे, मी म्हणे गेले," ताई म्हणाली. "नर्स दारापर्यंत आली आणि परत गेली. तिच्या यादीत माझ्यापुढे मयत लिहिलंय. मी म्हटलं, बाई, मेलेल्या माणसाला बघून एवढी शांत कशी उभी राहिलीस?" आणि ती हसली. स्वतःच्या हालांवर हसायची ताईला जुनी खोड होती.

वहीबाई हसल्या नाहीत. काय झालं असणार ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. जगात ते कळणारी दुसरी कोणी व्यक्ती नव्हती, हेही त्यांना कळलं.

वहीबाई नगरपालिकेच्या नोंदणी विभागात एकतीस वर्षं कारकून होत्या. कोणाचं नाव कुठल्या वहीत, साधारण कितव्या पानावर, हे त्या जागेवरून न उठता सांगत, म्हणून ऑफिसने त्यांचं हे नाव ठेवलं होतं. ताई त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिला नोकरीच्या परीक्षेला नेऊन बसवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. वहीबाईंनी लग्न केलं नाही. ताईने केलं, पण मूलबाळ नव्हतं आणि नवराही गेला. तीन वर्षांपूर्वी तिची नजर जवळजवळ गेली, जिने झेपेनात, म्हणून ती शेजारच्या शहरात तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. साखरेचा आजार, डाव्या पायाला न भरणारी जखम. त्या शहराची नगरपालिका रोज दोनदा नर्स पाठवायची: इंजेक्शन, पट्टी, दोन शब्द. त्यावर ताईचं आयुष्य चाललं होतं.

आता त्या रेघेविषयी सांगायला हवं.

वहीबाई नोकरीला लागल्या तेव्हाचे हेडक्लार्क एक विक्षिप्त गृहस्थ होते. त्यांचा नियम असा की, मेलेल्याच्या नावावर रेघ मारायची नाही. मेलेला माणूस आपल्याच गावचा राहतो, म्हणायचे. त्याचं नाव स्वच्छ ठेवायचं आणि शेजारच्या रकान्यात निळ्या शाईने तारीख घालायची. लाल रेघ मारायची ती गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्यांच्या नावावर. गाव सोडणाऱ्यांवर त्यांचा बहुतेक रागच असावा. ते गेले (त्यांचं नाव अजून स्वच्छ आहे), पण पद्धत राहिली. ताईने घर बदललं तेव्हा तिच्या नावावरची लाल रेघ वहीबाईंनीच पट्टी धरून मारली होती.

मग आजूबाजूच्या सात नगरपालिकांनी मिळून एकत्र नोंदणीचा प्रकल्प काढला. सात ठिकाणच्या वह्या स्कॅन करायच्या, एकाच यंत्रणेत भरायच्या, प्रत्येक माणसाला एकच क्रमांक द्यायचा. नर्स, रुग्णालय, शाळा, सगळं त्या एका क्रमांकावर. कल्पना वाईट नव्हती. वहीबाईंनाही ती पटली होती, उलट थोडा अभिमानच वाटला होता, कारण जुन्या वह्यांतल्या खुणांचा तक्ता करायच्या बैठकीला साहेबांनी त्यांना पाठवलं होतं.

बैठकीत पडद्यावर ओळी येत होत्या. ही खूण म्हणजे जन्म, ही म्हणजे नावात बदल. सकाळपासून वहीबाईंनी दोनदा हात वर केला होता, आमच्याकडे असं नसतं, म्हणून. दुसऱ्या वेळी प्रकल्पाचा समन्वयक, इस्त्रीच्या शर्टातला एक हसतमुख तरुण, म्हणाला होता की तुमच्या गावाचं सगळं जगावेगळंच दिसतंय, आणि सगळे खो-खो हसले होते. ते हसणं तसं मायेचंच होतं. पण जेवणानंतर "लाल रेघ: मयत" अशी ओळ आली, सहा जणांनी माना डोलावल्या, आणि वहीबाईंचा हात मांडीवरून उठलाच नाही. तिसऱ्यांदा हात वर करून पुन्हा हसं नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. वह्या भरायला माणसं येतील तेव्हा त्यांना समजावून सांगू, असं त्यांनी ठरवलं. तक्त्यावर सही केली. वह्या भरणारी माणसं आलीच नाहीत. स्कॅन केलेली पानं कुठल्यातरी लांबच्या शहरात गेली आणि तिथे, वहीबाईंना न ओळखणाऱ्या कोणीतरी, तक्ता समोर ठेवून ती भरली.

यंत्रणा सुरू झाली त्या आठवड्यात गावातून बाहेर गेलेली अकराशे चाळीस माणसं मेली. आणि खरोखर वारलेली बरीचशी, नावावर रेघ नसल्यामुळे, उठून बसली. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या एका शिंप्याला मोफत डोळे तपासणीचं बोलावणं गेलं. त्याच्या मुलाने ते पत्र ऑफिसच्या खिडकीत आणून ठेवलं आणि, कुठल्या पत्त्यावर पाठवू, असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. ऑफिस हसलं. वहीबाई मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या.

त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, हात वर न केल्याचंसुद्धा. साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. प्रकल्पाला नुकतंच बक्षीस मिळालं होतं, सातही नगराध्यक्षांचा एकत्र फोटो भिंतीवर लागला होता. ते म्हणाले की वहीबाई, नोंद आता आपल्याकडे नाही, मी काय करू? ताईच्या शहरातल्या नोंदणी खिडकीने सांगितलं की आमच्याकडे बाई जिवंतच होत्या, मारल्या तुमच्या गावाने. आणि दोन नोंदी जुळल्या नाहीत तर यंत्रणा मृत्यूची नोंद खरी धरते, कारण मृत्यूनंतर दुसरं काही घडत नाही. सगळ्यांनी अशा काखा वर केल्यावर वहीबाई समन्वयकाकडे गेल्या, जुनी वही पिशवीत घालून.

त्याने वही पाहिली, रेघ पाहिली, आणि त्याचा चेहरा खरंच उतरला.

"मॅडम, त्या दिवशी का नाही बोललात?"

"चुकले. आता माझी चूक मला दुरुस्त करू द्या. एक नाव. बाकीची नंतर करा."

"मी नाही करू शकत. तुम्हीही नाही. कुणालाच एकट्याला हात लावता येत नाही, म्हणून तर सगळं एकत्र केलं ना आपण." तो हे चिडून नाही, समजावून सांगत होता. "सातही ठिकाणच्या मंजुऱ्या लागतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. पुढची अकरा आठवड्यांनी आहे. मी पहिला विषय तुमचाच घेतो."

आणि त्याने खरंच तो घेतला. वहीबाईंच्या समोर, विषयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर.

रजा टाकून वहीबाई ताईकडे राहायला गेल्या. इंजेक्शन द्यायला शिकल्या, पट्टी बदलायला शिकल्या. ताई म्हणायची, "मेल्यावर एवढी सेवा होते हे माहीत असतं तर आधीच मेले असते." पण नर्सच्या हाताला जे कळायचं ते वहीबाईंच्या हाताला कळत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्या पायाची करंगळी काळी पडली. वहीबाई त्या दिवशी अर्ज घेऊन पुन्हा साहेबांच्या दारात बसल्या होत्या, म्हणून शेजारीण ताईला रुग्णालयात घेऊन गेली. सातही शहरांचं मोठं रुग्णालय एकच, आणि तेही प्रकल्पात. डॉक्टरने पाय पाहिला आणि सांगितलं की आठ दिवसांत कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. खिडकीवरच्या माणसाने क्रमांक घातला आणि सांगितलं की या क्रमांकावर खाट निघत नाही. डॉक्टर दोनदा खाली उतरून त्याच्याशी भांडला. मग त्याला वरिष्ठांचं बोलावणं आलं, आणि तो पुन्हा खाली आला नाही.

आठातले पाच दिवस वहीबाई दारोदार फिरल्या. सहाव्या दिवशी सकाळी ताई तापाने फणफणली होती, आणि तिचा पाय पुसताना त्यांना एक गोष्ट सुचली. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी बेवारस माणसांच्या नोंदी केल्या होत्या. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला रुग्णालय क्रमांक विचारत नाही. आधी उपचार, मग चौकशी. हा नियम प्रकल्पाच्या आधीपासूनचा होता आणि तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जिला नाव होतं ती ताई मेलेली होती. नाव नसलेल्या बाईला मात्र खाट होती.

"ताई, नीट ऐक," त्या म्हणाल्या. "तुला बाकावर बसवते. गाडी येईल. नाव विचारतील, सांगायचं नाही. घर, गाव, माणसं, काही सांगायचं नाही. नाव कळलं की परत पाठवतील. मीसुद्धा तुझी कोणी नाही."

"किती दिवस?"

"समिती बसेपर्यंत."

ताईचे ओठ तापाने सुकले होते. "तुझं पाठांतर मी घ्यायचे ना," ती म्हणाली. "घे आता माझं."

वहीबाईंनी घेतलं. नाव काय? नाही. घर कुठे? माहीत नाही. कोण आहे तुमचं? तिथे ताई अडखळली. वहीबाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तिने बरोबर उत्तर दिलं, आणि वहीबाईंना इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भर दुपारी त्यांनी आपल्या गावच्या बागेबाहेरच्या बाकावर ताईला बसवलं, अंगावर एक जुनी चादर टाकली, आणि रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानापुढून रुग्णवाहिकेला फोन केला: एक अनोळखी म्हातारी बसलीय, बरी दिसत नाही. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तीन माणसं ताईपाशी थांबली. एकाने पाण्याची बाटली दिली. ताई मान हलवून प्रत्येकाला नाही म्हणत होती. आपण कुठल्या बाजूला उभ्या आहोत हे तिला दिसत नाही, याचा वहीबाईंना त्या दिवशी आधार वाटला आणि त्या आधाराची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला; त्या डॉक्टरने तो ओळखला असेल, तर तसं दाखवलं नाही. बेवारस रुग्णांना भेटायला कोणाला सोडत नसत. ओळख पटवायला आलात तर क्रमांक मागत. पण रुग्णालय वहीबाईंच्याच गावच्या हद्दीत होतं, आणि सापडलेल्या माणसाचा नोंदणी फॉर्म भरायला नगरपालिकेचा कारकून लागतो. चौथ्या दिवशी त्या रजा मोडून कामावर आल्या, फॉर्म घेतला आणि वॉर्डात गेल्या. मुख्य सिस्टर त्यांना खाटेपर्यंत घेऊन गेली आणि तिथेच उभी राहिली, कारण रुग्णाचं उत्तर साक्षीदारासमोर घ्यायचं असतं.

ताई लहान दिसत होती. केस कोणीतरी बारीक कापून टाकले होते.

"नाव?" वहीबाईंनी विचारलं. आवाज ओळखू यावा म्हणून त्या अगदी जवळ वाकल्या होत्या.

"नाव नाही."

"घर?"

"माहीत नाही."

"जवळचं कोणी असेलच ना? बहीण वगैरे?"

ताईने चेहरा आवाजाकडे वळवला. "नाही हो बाई. मला कोणी नाही."

"पहिल्या दिवसापासून हेच," सिस्टर म्हणाली. "शुद्धीत नव्हती तेव्हाही हेच. भूल उतरली, ताप उतरला, पण डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. इथून हलवली की निराधारांच्या आश्रमातल्या मोठ्या दालनात जाईल."

सिस्टर पलीकडच्या खाटेकडे क्षणभर वळली तेवढ्यात वहीबाईंनी चादरीखाली हात घालून ताईचा हात धरला आणि दाबला. ताईने तो सावकाश काढून घेतला, परक्या माणसापासून घ्यावा तसा, आणि छातीवर ठेवला. ती पाठ केलेलं पाळत होती, की तिला आता खरंच कोणी आठवत नव्हतं? बैठकीला सात आठवडे होते. विचारायला हवं होतं ते विचारता येत नव्हतं, कारण सिस्टर पुन्हा इकडे बघत होती.

भरलेला फॉर्म रुग्णाला वाचून दाखवायचा असतो. वहीबाईंनी तो वाचला. अनोळखी स्त्री, वय अंदाजे सत्तर. राहण्याचं ठिकाण अज्ञात. जवळचे नातेवाईक नाहीत.

"बरोबर आहे का, आजी?" सिस्टरने विचारलं.

"बरोबर आहे," ताई म्हणाली.