अमानत शब्दाचं घराणं

मोडी वाचून वाचून श्रीपादरावांचे डोळे अधू झाले, हौस मात्र फिटली नाही. भोरात बसून ते संस्थानी कागदांतल्या अरबी शब्दांचा कोश करत होते. म्हातारपणी लोक नातवंडं सांभाळतात, हे शब्दांची मुळं उकरत. त्या दिवशी 'अमानत' घेतला होता, म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव. मूळ अक्षरं अलिफ, मीम, नून. मूळ अर्थ निर्धास्त असणं, भरवसा ठेवणं. त्यातूनच इमान, त्यातूनच अमीन, म्हणजे विश्वासू माणूस. एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं, कारण दारात गुंजवणे गावचा गेनू उभा होता.

गेनूचं धरून वेल्ह्याकडच्या दहाबारा घरांनी आपले जुने कागद श्रीपादरावांकडे ठेवले होते. घरात वाळवी लागते आणि मोडी कुणाला येत नाही. मग वाचणाऱ्याकडेच असू द्यावेत, ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. पावती कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

"आज्याच्या वहिवाटीचा कागद द्या, तात्या," गेनू म्हणाला. "धरणात गेलेल्या जमिनीची उद्या सुनावणी हाय. त्येच्याबिगर बदली जमीन न्हाई मिळायची."

श्रीपादरावांना एकदम फार थकल्यासारखं झालं. वर्षभर ते याच घडीला भीत होते. त्या कागदात 'अमानत' जुन्या, दुर्मीळ वळणानं लिहिलेला होता. फोटोत शाई उमटेना, म्हणून त्यांनी अस्सल कागदच पुण्याच्या एका अभ्यासकाला पाठवला. गेनूला विचारलंसुद्धा नाही. अभ्यासकानं घर बदललं, त्या गडबडीत कागद गहाळ झाला.

"सावकाश काढा," गेनू म्हणाला. "तुमच्यापाशी हाय म्हंजी आमाला घोर न्हाई."

आता याहून चांगला अर्थ कोणता कोश देणार होता? श्रीपादरावांना स्वतःची लाज वाटली. खाली बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं. चुकलो म्हणाले. उद्या येऊन साक्ष देतो म्हणाले.

गेनू ओरडला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"साक्षीवर जमीन मिळती व्हय, तात्या?" तो म्हणाला. "आमचं बाकीचं कागद द्या."

श्रीपादरावांनी गेनूच्या घरचे कागद बांधलेलं कापडी बासन आणून समोर ठेवलं. गेनूनं फरशीवर बसून गाठ सोडली. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बोटाला थुंकी लावून एकेक कागद तो मोजू लागला. वडिलांच्या काळापासून त्या घरात असं कुणी केलं नव्हतं. श्रीपादराव उभ्यानंच त्याची मोजणी संपायची वाट बघत राहिले.