नावाड्याला हाक कोणी मारली?

गल्लीत त्याला सगळे वस्तरा म्हणायचे. सलूनचा धंदा म्हणून थोडं, जिभेमुळे जास्त. तर हा वस्तरा त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कादंबरी वाचत होता. कधी नव्हे ते! एक जण दाढीला आला तर म्हणाला, "जरा थांब रे, बाप नदीत आहे."

कादंबरी मेहुणीच्या मुलीची. केस कापायला आली आणि बाकावर विसरून गेली. शाळेत अजून तीच लावलेली, वस्तऱ्याच्या वेळची. कव्हरवरची नाव बघून गड्याला कोण आनंद! ही गोष्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण. नावाड्याचा पोरगा बापाशी भांडून पलीकडच्या काठावर गिरणीत कामाला जातो. बाप काही बोलवत नाही. आपली नाव भली, आपण भले. आणि एका पहाटे पलीकडून हाक येते, "नाव आणाऽऽ!" आवाज पोराचा. खलास! नुसतं आठवलं तरी वस्तऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि सध्या तर ती गोष्ट त्याच्या घरातच चालू होती. एकुलता एक पोरगा पुलापलीकडे स्वतःचं दुकान टाकून बसला होता. कारण काय, तर वस्तऱ्याने भरल्या दुकानात, गिऱ्हाईक खुर्चीत असताना, "सरक, कान उडवशील," म्हणत पोराच्या हातातली कात्री काढून घेतली. या धंद्यात हे म्हणजे भरल्या ताटावरून उठवणंच. पोरगा एप्रन खुंटीला लावून गेला तो गेलाच. बायको रोज म्हणायची, जाऊन ये. वस्तऱ्याचं एकच, "नावाड्याने बोलावलं होतं का? तरी आला ना पोरगा?"

म्हणून तो शेवट एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. बघितला, आणि तिथेच घोटाळा झाला. पहाट आली, पण हाक काही येईना. त्याने पानं चिकटलीत का ते बोटाला थुंकी लावून तपासलं. नव्हती. पुस्तकात नावाडी स्वतःच वल्ही मारत पलीकडे जातो, नाव बांधतो, विचारत विचारत पोराच्या खोलीशी पोचतो. खोलीला कुलूप. म्हातारा पायरीवर बसतो. संपली! खाली प्रश्न : नावाड्याचा स्वभाव तुमच्या शब्दांत लिहा.

"स्वभाव कसला, डोंबल!" वस्तरा ओरडला. दाढीवाला कधीच निघून गेला होता.

त्याने शटर ओढलं आणि तरातरा घर गाठलं. बायको मटार सोलत होती. दोघं एकाच वर्गातली, त्यामुळे घरात अहो-जाहो नव्हतं. तेव्हा अख्ख्या वर्गात या कादंबरीचं पुस्तक एकच होतं. सरांनी त्याची शिवण उसवून गठ्ठे केले आणि बाकाबाकाला वाटले. आपापला भाग वाचायचा आणि शनिवारी उभं राहून सगळ्यांना सांगायचा.

"शेवटचा गठ्ठा तुझ्या बाकाकडे होता ना गं?"

"असेल. का?"

"पोराने हाक मारली असं तू सांगितलंस. मी रडलो होतो!"

"रडलास म्हणून तर लक्षात राहिलास. नाहीतर तुझ्यात काय होतं?"

"यात हाकच नाहीये!"

तिने हात पुसले, शेवटचं पान वाचलं. "अगंबाई, असं आहे होय हे!"

"म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?"

"माझी पाळी येईपर्यंत शनिवार उजाडला. सरांनी उभं केलं. काहीतरी सांगायला नको? म्हाताऱ्याची दया आली, आणला पोराला परत."

"आणि सर गप्प बसले?"

"त्यांनी तरी वाचली होती का, कोणाला ठाऊक!"

वस्तरा मटकन खाली बसला. "अगं, मी इतके महिने त्याच्यावर..."

"मला काय माहीत तू त्याच्यावर अडून बसलायस! मी रोज घसा फोडून जा म्हणते ते नाही ऐकलंस. शाळेतली थाप तेवढी बरी ऐकलीस."

वस्तऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. नाही गेलं तर हाक येत नाही. गेलं तर दाराला कुलूप. मग माणसाने करायचं काय? त्याने तसं विचारलंही.

"चप्पल घालायची," बायको म्हणाली.

पूल ओलांडताना तो दोनदा माघारी वळला. दुकान सापडलं तर त्याला कुलूप नव्हतंच, उलट आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकात असलं काही लिहिलेलं नव्हतं. पोराने त्याला आरशातून पाहिलं. हात थांबला नाही.

"कसे आलात?"

"चालत." मग वस्तऱ्याला दुसरं काही सुचेना. "तुमच्या वेळी होती का रे ती नावाड्याची कादंबरी? शेवट काय होता?"

"मी गाईड वाचलं, बाबा. शेवटावर प्रश्न येत नाही."

आता बसावं की निघावं, वस्तऱ्याला कळेना. तो दारातच खोळंबला. बाकावरचा एक म्हातारा वैतागून पोराला म्हणाला, "अरे, माझा नंबर कधी?"

"तुम्ही त्या बाजूच्या खुर्चीत बसा," पोरगा मान न वळवता म्हणाला, "हे करतील."

हे म्हणजे कोण, ते बघायला वस्तऱ्याने मागे वळून पाहिलं. मागे तर नुसता रस्ता होता.