भट्टीत न फुटलेल्या काचा

महिनाभरात चाचणीच्या भट्टीत एकही काच फुटली नाही, म्हणून सगळे माझ्या भावासाठी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमच्या कारखान्यात कडक काच तयार होते. साधी काच भरपूर तापवायची आणि हवेच्या झोताने झटक्यात गार करायची, की ती कित्येक पट मजबूत होते. पण कच्च्या काचेत कधीकधी निकेलचा एखादा कण अडकलेला असतो, खसखशीहूनही बारीक. तो काही महिन्यांनी, कधी वर्षांनी फुगतो आणि कुणी हातही न लावता अख्ख्या काचेचा चुरा होतो. म्हणून तयार काचा दुसऱ्या भट्टीत दोनशे नव्वद अंशांवर दोन तास ठेवायच्या. खोट असलेल्या काचा तिथेच फुटू द्यायच्या, लोकांच्या अंगावर नाही. आठवड्याला एकदोन फुटायच्याच. फुटली की मला बरं वाटायचं, एक पीडा गेली. उरलेल्यांवर शिक्का मारायचं काम माझं, गेली बावीस वर्षं.

शेंडेफळ, म्हणजे माझा सगळ्यात धाकटा भाऊ, इंजिनियर होऊन इथेच लागला. त्याने नवा कॅमेरा बसवला. ओरखडा असो, बुडबुडा असो, डोळ्याचं पातं लवायच्या आत पकडतो. ‘माझा भाऊ, माझा भाऊ’ करत मीच कारखानाभर मिरवले. पण आजच्या सभेत साहेबांनी ‘भट्टीतलं नुकसान शून्य’ म्हटलं आणि मी तशीच उठून भट्टीच्या संगणकाशी गेले. दीडशे अंश. वीस मिनिटं.

“हा शहाणपणा कुणाचा?” मी ओरडले. अख्खी सभा माझ्या मागे आली होती.

“माझा, ताई,” शेंडेफळ म्हणाला, तेही छाती काढून. “कॅमेऱ्याने पास केलेल्या काचा तुम्ही इथे फोडत बसायचात. नुकसानच ना ते?”

“तो कण दिसतो तुझ्या कॅमेऱ्याला?”

“इतका बारीक नाही दिसत. पण असे कण असून असून किती असणार?”

“अरे, फुटायलाच ठेवतो आपण त्या इथे! ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकून देशील तू. शिकताना अक्कल काय वसतिगृहात विसरून आलास?”

“बाई, आवाज खाली,” साहेब म्हणाले.

“खाली कसा करू? या महिन्याचा जवळजवळ सगळा माल मुलांच्या पोहण्याच्या तलावाला गेलाय. कुंपण केलंय त्याचं. मुलं अनवाणी पळतात तिथे. आत्ताच्या आत्ता फोन लावा.”

साहेबांनी फोन लावला नाही. कारखान्याच्या नावाला बट्टा लागतो म्हणे, आधी सिद्ध करा. माझं डोकं फिरलं. त्यातल्या उरलेल्या, ट्रकमध्ये चढवायला ठेवलेल्या अठ्ठेचाळीस काचा मी परत भट्टीत घालायला लावल्या आणि दोनशे नव्वदवर स्वतः बोट दाबलं. साहेब केबिनमध्ये गेले. आम्ही दोघं भट्टीसमोरच्या बाकावर बसलो.

मी तासभर त्याची खरडपट्टी काढत होते. लहानपणापासूनचं सगळं काढलं. तो मान खाली घालून ऐकत होता, मग एकदम म्हणाला, “ताई, शिक्का मारायच्या आधी तू रोज तापमान बघायचीस ना? मी आलो तेव्हा मला तेच शिकवलंस.”

“तू कागद पाठवत होतास. त्यावर ‘चाचणी झाली’ लिहिलेलं असायचं.”

“आकडा नसायचा त्यावर.”

“तुझ्या कागदावर आणि काय बघायचं होतं मी?” हे मी इतक्या जोरात म्हटलं की ट्रकवाला वळून बघायला लागला.

तेवढ्यात भट्टीत धप्प झालं आणि मग बराच वेळ आत तुकडे सांडत राहिले. शेंडेफळाचा चेहरा पांढराफटक पडला. एकच काच होती. पण कॅमेऱ्याने पास केलेली होती.

मी साहेबांना विचारलंही नाही. त्यांच्या टेबलावरचा फोन ओढला आणि तलावावर लावला. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी उचलला. मागे मुलांचा नुसता कल्ला चालू होता.

“मुलांना आधी बाहेर काढा,” मी म्हणाले, “पण कुंपणापासून लांबून. आणि चपला घालून.” मग सगळं सांगितलं.

“बापरे! कोणती काच खराब आहे?”

“ते बघून कळत नाही. सगळ्याच काढाव्या लागतील.”

त्यांनी शिट्टी वाजवली. कल्ला हळूहळू थांबला. मग त्या परत फोनवर आल्या आणि माझ्यावर कडाडल्या, “पाठवण्याआधी कुणी बघितल्या नव्हत्या का?”

दिवसभर मी ज्याला त्याला फैलावर घेत होते. आत्ता शेंडेफळ समोरच उभा होता, साहेबही होते. ओरडायला दोघंही हाताशी होते.

“माझं काम होतं ते,” मी म्हणाले. “मी बघितलं नाही.”